गादीवरून आलेलं वाक्य

"ही वाडी राहणार नाही," नलिनी तांडेल माईकवर म्हणाली, "आणि ज्याला जगायचंय त्याला इथून उठावं लागेल."

"उठतोच आहोत, ताई," मागून कुणीतरी म्हणालं आणि खरंच उठलं. त्याच्यामागून चार बायका पदर झटकत उठल्या. प्लॅस्टिकच्या खुर्च्या फरशीवर करकरल्या. व्यासपीठाच्या कोपऱ्यातला सत्यदिवा मात्र शांतपणे हिरवा जळत होता.

त्या दशकात प्रत्येक प्रचारसभेत असा दिवा ठेवावा लागे. वक्ता बोलत असताना आतलं यंत्र त्याचं प्रत्येक विधान पडताळून पाही आणि खोटं सापडलं की दिवा लाल होई. नलिनीचा दिवा आजवर कधी लाल झाला नव्हता. आडवेळ गावात तिला 'हिरव्या दिव्याची बाई' म्हणत, तिचं कौतुक करत आणि मत दुसऱ्याला देत. समोरचा उमेदवार 'बंधारा होऊ शकतो' असं म्हणत असे. होऊ तर काहीही शकतं, त्यामुळे त्याचाही दिवा हिरवाच राही.

नलिनी कोळीवाड्यातली. भरती-ओहोटी मोजणाऱ्या केंद्रात तिने उभं आयुष्य काढलं होतं. पौर्णिमेची भरती आता शाळेच्या पटांगणात येत होती, खाडीकाठच्या विहिरी मचूळ झाल्या होत्या, आणि पुढच्या काही वर्षांत खालच्या तिन्ही वाड्यांचं काय होणार हे तिच्याइतकं नेमकं कुणालाच माहीत नव्हतं. सरकारकडे वरच्या सड्यावर, म्हणजे गावामागच्या जांभ्या दगडाच्या पठारावर, जागा होती. पण लोकांनी ग्रामसभेत ठराव केल्याशिवाय ती मिळणार नव्हती. म्हणून नलिनीने नोकरी सोडली आणि जिल्हा परिषदेची निवडणूक लढवली. ती पडली. आता पोटनिवडणूक आली होती आणि ती पुन्हा तेच बोलत होती.

ध्वनियंत्रणेच्या वायरी गुंडाळता गुंडाळता वरदा आठल्ये म्हणाली, "ताई, जरा हळुवार सांगता येईल की."

"कसं?"

"आधी सड्यावरचं चांगलं सांगायचं. वारा आहे, मोकळी जागा आहे, पक्की घरं मिळतील."

"सड्यावर एक विहीर नाही. हे मी आधी सांगू की नंतर?"

"नंतर."

"म्हणजे उठून गेल्यावर." नलिनी हसली, पण थकलेली दिसत होती. "वरदा, गोड करून सांगितलं की लोक गोड तेवढंच ऐकतात. मग वर गेल्यावर पाणी नाही म्हणून मला शिव्या घालतील आणि परत खाली येतील. कडू आहे ते कडूच द्यायचं."

"आणि घेतलं नाही तर?"

याचं उत्तर मागच्या निकालात आलेलंच होतं.

वरदा ध्वनिशास्त्राची संशोधक होती. पुण्याच्या प्रयोगशाळेतून दीर्घ रजा घेऊन ती गावी आली होती, काही नलिनीताईंसाठी आणि काही वडिलांसाठी. तिचे वडील मुरलीधरबुवा आठल्ये कीर्तनकार. या किनाऱ्यावर असं देऊळ नव्हतं की जिथे त्यांनी कीर्तन केलं नाही. हल्ली त्यांना कमी ऐकू येई, पण गादीवर उभे राहिले आणि झांज वाजली की त्यांची पाठ आपोआप सरळ होई. वरदा लहानपणापासून त्यांच्या मागे पेटीवर साथ करत आली होती आणि तिचं सगळं शास्त्र त्या पेटीमागूनच निघालं होतं.

ते शास्त्र असं. आपल्या डोक्यात जे वाक्य येतं त्याला मेंदू एक चिठ्ठी लावतो: हे अमक्याने सांगितलं, हे पेपरात वाचलं, हे माझं मलाच सुचलं. त्या चिठ्ठीवरूनच आपण कुणाचं किती मानायचं ते ठरवतो. आता पुष्कळ माणसं एका ठिकाणी बसून एकच सूर ऐकत असली की त्यांचे श्वास हळूहळू एकमेकांशी जुळतात, ही गोष्ट जुनीच होती. वरदाने त्याच्या पुढचं शोधलं. कीर्तनात नामाचा गजर वर चढतो, टाळ्या, झांजा, तबला सगळं एक होतं आणि मग बुवा एकदम थांबतात. त्या क्षणी सगळा मांडव एकत्र श्वास सोडतो. पुढचा श्वास घेण्याआधी एक निमिषभर फट राहते. त्या फटीत कानावर पडलेल्या वाक्याला मेंदू चिठ्ठी लावायची विसरतो. काही दिवसांनी ते वाक्य आठवतं, पण कुठून आलं ते आठवत नाही. आणि मनाला रिकामी चिठ्ठी सोसत नाही. मग ते आपणच नाव घालून टाकतं. बहुतेक वेळा स्वतःचं.

या फटीला तिने श्वाससंधी म्हटलं होतं. चांगले कीर्तनकार शतकानुशतकं तिच्या आसपास वावरत आले होते, नुसत्या कानावर आणि श्रद्धेवर. पण नेमकं तिथे दर वेळी कुणी पोचत नसे. ते न पोचणं हेच बहुधा देवाने श्रोत्यांना दिलेलं अभय होतं. वरदाच्या यंत्राला ते अभय ठाऊक नव्हतं. मांडवाच्या तोरणात तळहाताएवढ्या चार चकत्या टांगल्या की त्यांतून निघणाऱ्या लहरी प्रत्येकाच्या छातीचा चढउतार टिपत, आणि पुढची संधी कधी येणार ते यंत्र आधीच सांगे.

"अण्णा, समुद्रावर एक कीर्तन कराल?" तिने वडिलांना विचारलं.

"गादीवरून मतं मागणार नाही मी."

"मतं नाहीत. नलिनीताईंचं नावसुद्धा नको. समुद्र येतोय एवढंच. ते खरं आहे ना?"

बुवांनी विचार केला. "खरं आहे. समुद्राने गिळलेल्या नगरीचं आख्यान आहे माझ्याकडे. पूर्वरंगात अनित्यतेचं निरूपण घेईन, उत्तररंगात ते आख्यान." मग बोट उगारून म्हणाले, "पण तू लिहून दिलेलं वाक्य पाठ करून बोलायचो नाही. तिथे उभा राहिलो की जे येतं ते येतं. तो बोलवतो, मी बोलतो."

"बरं," वरदा म्हणाली. "आणि हे नवीन श्रवणयंत्र घाला. कानात नाही, कानामागच्या हाडावर बसतं."

हे खोटं नव्हतं. यंत्र खरंच उत्तम ऐकवत होतं. पण आपला स्वतःचा आवाज आपल्याला हाडातून ऐकू येतो. म्हणून तर टेपवरचा आपला आवाज आपल्याला परका वाटतो. उलट हाडातून आपल्याच आवाजात कुणी कुजबुजलं तर ते ऐकल्यासारखं वाटत नाही, सुचल्यासारखं वाटतं. वरदाकडे बुवांच्या आवाजाची चाळीस वर्षांची ध्वनिमुद्रणं होती. नलिनीच्या भाषणांमधून संगणकाने त्याच आवाजात हजारो वाक्यं तयार केली होती आणि त्यांतलं एक निवडलं होतं.

पहिलं कीर्तन आडवेळच्याच देवळात, दिवेलागणीनंतर झालं. नलिनी मुद्दाम आली नाही. कीर्तनाला प्रचाराचा वास लागू नये म्हणून. पूर्वरंग संपला, बुवांना हार घातला गेला, श्रोत्यांना बुक्का लावून झाला आणि उत्तररंग सुरू झाला. नगरीच्या वेशीवर पाणी आलं तिथे बुवांनी गजर धरला. काय धरला म्हणून सांगावं. म्हाताऱ्या बायका बसल्या जागी डोलत होत्या. तबल्यावरच्या बापूने डोळे मिटले होते. वरदाची बोटं पेटीवर पळत होती आणि पेटीच्या आड ठेवलेला छोटा पडदा तिला दाखवत होता की दोनशे छात्या आता एकच छाती झाल्या आहेत.

बुवा थांबले. मांडवाने श्वास सोडला.

बुवांचा चेहरा क्षणभर कुणी हाक मारल्यासारखा झाला. मग ते हलक्या आवाजात म्हणाले, "गाव कधीच सड्यावर गेलंय रे. आपणच मागे राहिलोय."

बुवांच्या गालावरून पाणी ओघळत होतं.

घरी आल्यावर ते पाटावर बसले. वरदाने दुधाचा पेला पुढे ठेवला.

"वरदे, आज मी नव्हतो बोलत."

"म्हणजे?"

"ते वाक्य. माझं नव्हे ते. माझी बुद्धी मला ठाऊक आहे, एवढी झेप नाही तिची. इतकी वर्षं गादीवर उभा राहिलो, तो बोलवतो म्हणून लोकांना सांगत राहिलो. खरं सांगू? मनात म्हणायचो, मुरलीधरा, हे सगळं तुझंच, पाठांतराचं आणि सवयीचं. आज नाही. आज स्पष्ट आलं. आतून आलं." ते हसले. "बहात्तराव्या वर्षी का होईना."

सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. वरदाला ते कळत होतं. पण तिने वडिलांचा असा चेहरा याआधी पाहिला नव्हता, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावाला कीर्तन ठरलं होतं.

"दूध निवतंय," ती म्हणाली.

मतदारसंघातल्या सगळ्या गावांत कीर्तनं झाली. प्रत्येक ठिकाणी आख्यान थोडं वेगळं, गजर वेगळा, वाक्य तेच. बुवांना त्याचंही नवल वाटत नसे. देवाला तेच सांगायचं असेल तर तो तेच सांगणार. आणि नलिनीच्या सभांमधून उठून जाणारी माणसं बसू लागली. ती जे आधी बोलत होती तेच बोलत होती, सड्यावर विहीर नाही हेसुद्धा. लोक मान डोलवत होते. एका सभेत तर कुणीतरी तिलाच समजावलं, "ताई, विहिरीचं काय घेऊन बसलात, खणू की."

ती निवडून आली, आणि चांगल्या फरकाने आली. गुलालाने माखलेल्या चेहऱ्याने तिने वरदाला मिठी मारली. "बघ, मी म्हणत होते ना? कडू दिलं तरी लोक घेतात. फक्त देणाऱ्याने कच खाता कामा नये."

वरदाने तिच्या खांद्यावर डोकं टेकवलं, म्हणजे चेहरा दिसला नाही.

ठरावाची ग्रामसभा ठरली. त्याआधी नलिनी आडवेळात घरोघर जाणार होती. आभार मानायचे होते आणि प्रत्येकाच्या शंकाही ऐकायच्या होत्या. वरदा बरोबर होती.

पहिलं घर पाटगावकर मास्तरांचं. मास्तरांनी चहा दिला आणि म्हणाले, "मी तर वर्गात पोरांना सांगितलं, गाव कधीच सड्यावर गेलंय, आपणच मागे राहिलोय. सुचलं आपलं. फळ्यावर लिहून ठेवलंय, पुसूच दिलं नाही."

"छान आहे," नलिनी म्हणाली.

दुसऱ्या घरी बर्फाच्या कारखान्यातला दिनकर म्हणाला, "जाळं विणताना माझ्या मनात आलं बघा, ताई. आपणच मागे राहिलोय. गाव तर कधीच वर गेलंय."

तिसऱ्या, चौथ्या घरीही तेच. प्रत्येकाला ते कधी सुचलं तेही नीट सांगता येत होतं: कुणाला होडी ओढताना, कुणाला आजारपणात. एका सुनेला ते सासूने मरताना सांगितलं होतं. नलिनीने चौथ्या घरचा चहा तसाच ठेवला.

खाडीच्या अगदी तोंडावरचं घर रखमाय चोगलेचं. रखमाय सुकत घातलेल्या बोंबलांवरून कावळे हाकलत बसली होती. "ये गो," ती म्हणाली. "मी येतंय वर. आमचे धनी सपनात आले हुते. बारा वरसं झाली जाऊन, एकदा म्हणून सपनात नाय आले. आता आले. ह्या उंबऱ्यात उभे ऱ्हायले नि म्हणाले, रखमे, गाव कवाच सड्यावर गेला, तूच मागं ऱ्हायलीस." तिने डोळ्याला पदर लावला. "आवाज पण त्यांचाच."

धक्क्यावर एका पालथ्या होडीशी थांबून नलिनीने विचारलं, "हे वाक्य कुठून आलं?"

वरदा होडीवरची वाळू झटकू लागली.

"वरदा, मी आयुष्यभर मोजमापं केली आहेत. सगळीकडे एकच आकडा आला की आम्ही आनंदाने नाचत नाही, यंत्र तपासतो. कुठून आलं?"

मग वरदाने सगळं सांगितलं. चकत्या, श्वाससंधी, हाडावरचं यंत्र.

"एक अक्षर खोटं नाही घातलं, ताई. तुमचंच म्हणणं होतं."

"माझं म्हणणं समुद्र वाढतोय एवढंच आहे. गाव सड्यावर गेलंय असं मी कधी म्हटलं? सड्यावर खडक आहे आणि करवंदीच्या जाळ्या आहेत."

"ते बोलण्यातलं आहे हो. दिवासुद्धा लाल झाला नसता."

"दिव्याचं नको सांगूस मला." नलिनीचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मी त्यांच्या दारात होकार मागायला उभी होते. नाही म्हणायची त्यांना मुभा होती, म्हणून त्या होकाराला किंमत होती. तू मागच्या दाराने शिरून होकार आत ठेवून आलीस. सोनं ठेवायला आलेला का असेना, कुलूप फोडून आला तो चोरच."

"आणि बुडाले तर?" वरदा म्हणाली. "दोनदा तुम्ही खरं सांगितलंत, दोनदा ते उठून गेले. एखाद्या वादळात तिन्ही वाड्या जातील. तुमचं तत्त्व कोरडं राहील, ताई. माणसं राहणार नाहीत."

नलिनी होडीवर बसली. तिचा सख्खा भाऊ, भावजय, त्यांची मुलं त्याच वाडीत होती.

"ठराव होऊ दे," वरदा म्हणाली. "नुसता होऊ दे. सगळे वर गेले की मग सांगा. मला वाटेल ते करा."

"मग काय सांगणार? तुम्ही वाचलात, आता तुमचं डोकं परत घ्या?" नलिनीने तोंडावरून हात फिरवला. "मला ते हवंय गं. तू म्हणतेस ते मला तुझ्यापेक्षा जास्त हवंय, म्हणून तर भीती वाटते. आज समुद्र येतोय म्हणून मी हे यंत्र पदरात घेतलं, तर उद्या समुद्र येत नाही असं सांगणाऱ्यालाही ते मिळेल, आणि त्याला बोलायला मला तोंड राहणार नाही. ग्रामसभेत ठरावाआधी मी सांगणार आहे. त्याआधी तू बुवांना सांग. त्यांना ते चारचौघांत कळता कामा नये."

सकाळी बुवा पूजेसाठी सहाणेवर चंदन उगाळत बसले होते. वरदा त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि तिने सांगितलं. चंदन उगाळणारा हात आधी सावकाश झाला, मग थांबला.

"एकदाही?" त्यांनी विचारलं.

"काय, अण्णा?"

"इतकी कीर्तनं झाली. त्यांत एकदाही ते त्याचं नव्हतं?"

"नाही."

त्यांनी कानामागचं यंत्र काढून सहाणेशेजारी ठेवलं. नंतरचं बोलताना त्यांचा आवाज मोठा झाला, ऐकू न येणाऱ्या माणसाचा होतो तसा. "आणि आधीची? तरुणपणी कधीतरी एखादं वाक्य यायचं, अंगावर काटा यायचा. ती?"

वरदाने त्यांच्या कानाजवळ जाऊन सांगितलं, "ती तुमचीच, अण्णा. तेव्हा यंत्र नव्हतं."

"माझीच कशावरून? त्याची कशावरून नाहीत, नि माझी कशावरून? मी विचारतोय, पोरी. तू शास्त्र शिकलीस. मला सांग."

बुवा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी उगाळलेलं चंदन बोटावर घेतलं, देवासमोर हात नेला आणि कितीतरी वेळ तो तसाच धरला. मग देवाला गंध लावलं. रोजचं होतं म्हणून लावलं.

ग्रामसभेला शाळेचं पटांगण भरलं होतं. बुवांसाठी कुणीतरी खुर्ची आणली. ते जाजमावर श्रोत्यांमध्ये बसले. "मला खालीच राहू दे," म्हणाले. नलिनीने उभं राहून सगळं सांगितलं, तिच्या नेहमीच्या पद्धतीने, न गोड करता. मग बुवा बसल्या जागेवरूनच बोलले. "जे वाक्य तुम्ही माझ्या तोंडून ऐकलंत ते देवाचं नव्हतं आणि माझंही नव्हतं. मी फसलो, म्हणून तुम्ही फसलात. समुद्र येतोय हे मात्र खरं आहे. पण ते तुम्ही ठरवा. आता शुद्धीवर ठरवा."

आधी कुणाला नीट उमजलंच नाही. मग पाटगावकर मास्तर हसले. "म्हणजे माझा फळा तुम्ही लिहिलात?"

"मग भरतीचे आकडे पण तुम्हीच घातले असतील डोक्यात," दिनकर म्हणाला. "नि पाणी शाळेत येतं ते पण."

"आकडे बघून घे, दिनकर. काठी रोव आणि स्वतः मोज," नलिनी म्हणाली.

"मोजून आलेला आकडा तरी माझा कशावरून?"

गोंगाट वाढला. कुणी वरदाच्या अंगावर धावून गेलं, बापू तबलजी मधे पडला. या सगळ्यात रखमाय उठली, काठी टेकत पुढे आली आणि बुवांसमोर उभी राहिली. बुवांना ऐकू येत नव्हतं, म्हणून तिने प्रत्येक शब्द ओरडून सांगितला.

"माझे धनी आले हुते. उंबऱ्यात उभे हुते. ते पण तुमीच धाडले?"

बुवांनी हात जोडले.

"बारा वरसांनी आले हुते वो," रखमाय म्हणाली आणि तिथेच खाली बसली.

ठरावासाठी हात वर करायची वेळ आली तेव्हा फक्त नलिनीच्या भावाचा हात वर झाला, आणि त्यानेही तो आजूबाजूला बघून खाली घेतला. ठराव पडला. बंधारा होऊ शकतो म्हणणारा गृहस्थ दुसऱ्याच दिवशी पेढे घेऊन गावात आला. नलिनीने राजीनामा दिला नाही; जिल्हा परिषदेत ती सड्यावरच्या विहिरीसाठी भांडत राहिली, जिथे कुणीही राहायला जाणार नव्हतं. वरदाने यंत्र मोडलं. पण तिचा शोध प्रसिद्ध झालेला होता आणि मोठ्या शहरांतून तिला रोज नम्र शब्दांत विचारणा होत होती.

बुवा पुन्हा गादीवर उभे राहिले नाहीत. दुसऱ्या कुणाचं कीर्तन असलं की जाऊन बापूच्या तबल्याशेजारी बसत, श्रवणयंत्र न घालता. तळवा जमिनीवर पालथा ठेवून तबल्याचे हादरे घेत आणि त्यावर मान डोलवत. गजराला मात्र ते टाळी देत नसत.

एका दुपारी रखमायने नलिनीला बोलावणं पाठवलं. वरदाही मागून गेली. तिला कुणी ये म्हटलं नव्हतं, नकोही म्हटलं नव्हतं.

"मी हितंच ऱ्हानार हाय," रखमाय म्हणाली. "मरेपातुर. सगल्यांना सांगितलंय. पण रातीला पडल्यावर वाटतं, आता मी ऱ्हानार म्हणतंय ता तरी माझा हाय काय गो? का तुमच्या रागापायी म्हणतंय? तू शिकलेली. सांग."

"मला माहीत नाही, आजी," नलिनी म्हणाली.

रखमाय तिच्याकडे बघत राहिली. बहुधा हे उत्तर तिला चाललं. मग तिने काठीने वरदाकडे दाखवलं. "हिला धाड. रोज. गाणा नको, पेटी नको, सपान नको. हितं समोर बसायचा नि मला सांगायचा का जायला पायजे. मी नाय म्हणणार. रोज नाय म्हणणार. मग एक दिस हो निघाला माझ्या तोंडून, तर समजायचा माझा हाय."

"किती दिवस लागतील, आजी?" वरदाने विचारलं. "पाणी थांबणार नाही."

"ता मला काय इचारतेस? पाण्याला इचार."

वरदा दुसऱ्या दिवशी गेली. तिने मचूळ विहिरीबद्दल सांगितलं, शाळेबद्दल सांगितलं, सड्यावर विहीर नाही हेही सांगितलं. बोलताना तिच्या लक्षात आलं की रखमाय श्वास सोडते तिथे आपण सवयीने थांबतो आणि त्या फटीत शब्द ठेवायला जातो. तिने शब्द गिळला, रखमायने पुढचा श्वास भरून घेईपर्यंत वाट बघितली, आणि मग बोलली. वाक्य तुटलं, वाईट वाटलं कानाला. रखमायने सगळं ऐकून घेतलं.

"नाय," ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशीही नाय. पौर्णिमेला वरदा बोलत असताना पाणी अंगणात आलं, वाळवणाच्या काठ्यांभोवती फिरलं आणि दोघींच्या पावलांना लागलं. रखमायने पाय वर घेतले नाहीत. वरदाने बोलणं पुरं केलं.

"नाय," रखमाय म्हणाली. मग पाण्याकडे बघत थोड्या वेळाने म्हणाली, "उंद्या जरा लवकर ये. दुपारची येशील तर तुला परत जायला वाट नाय ऱ्हायची."